डोहातले मासे

लग्नानंतर जावई पहिल्यांदाच जेवायला आला होता. माशांच्या कालवणाचा वास घेत तो म्हणाला, "मामा, एवढे मासे कसे काय गावले?"

"आमचा डोहच तसा आहे," जयराम म्हणाला. खरं तर काल जाळ्यात काहीच आलं नव्हतं. म्हणून पहाटे त्याने भातावर फवारायचं औषध डोहात ओतलं होतं. मासे चांगले धुतले की विष निघून जातं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

इतक्यात ओढ्याच्या खालच्या वाडीत राहणारी त्याची बहीण कुसुम धापा टाकत दारात आली. "दादा, ओढ्यातले मासे खाऊ नका! वर कुणीतरी विष टाकलंय. मेलेले मासे वाहत आले, ते खाऊन माझी सगळी बदकं गेली. काठावर बगळेही मरून पडलेत. तुमच्याकडे पाहुणे आहेत ना, म्हणून तशीच पळत आले."

जावयाचा हात पहिल्याच घासावर थांबला. लेकीने पदर तोंडाला लावला.

"मीच टाकलं, कुसुम," जयराम म्हणाला.

कुसुमने कालवणाचं पातेलं उचललं. "हे आता कुत्र्यामांजरांच्याही तोंडी लागायला नको. चल, खड्डा खण."

परसात जयराम खणू लागला. पातेलं घेऊन ती शेजारीच उभी होती. खड्डा पुरेसा खोल झाला, तरी तो खणतच राहिला, कारण थांबल्यावर तिच्याकडे बघावं लागलं असतं.