रिकामं धरा

"माझं घर रिकामं धरा," इर्या कांगस म्हणाली.

टेबलापलीकडे बसलेल्या समितीच्या तिघांनी माना वर केल्या. मार्च महिना, टाउन हॉलबाहेर कमरेएवढा बर्फ, आणि घरपट्टीच्या तक्रारी ऐकायला बसलेल्या त्या तिघांना लोकांनी सकाळपासून नुसतं फैलावर घेतलेलं. रडणारे येऊन गेले होते, शिव्या देणारेही. असलं मागणं घेऊन मात्र कुणी आलं नव्हतं.

वर्न सालोनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. दुसरं कुणी तयार होईना म्हणून या समितीचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलेलं. इर्या शाळेत त्याच्याच वर्गात होती.

"अगं, रिकामं कसं धरू? तू राहतेस की तिथे."

"आणि हायवेवरच्या दुकानात कुणी नसतं का? ते कसं रिकामं धरलंत?"

गावाचं सगळं दुखणं त्या दुकानातच होतं. ते अवाढव्य दुकान आपलं रोज उघडं असतं. पण त्यांचे वकील आले आणि म्हणाले, आमच्या इमारतीची किंमत दुकान चालू आहे असं समजून लावू नका. उद्या आम्ही गाशा गुंडाळला तर हा पत्र्याचा डबा कोण घेणार? तेव्हा बंद पडलेल्या दुकानाला जी किंमत येईल, तीच आमची धरा. कर-न्यायाधिकरणानं मान डोलावली. दुकानाचा कर निम्म्यावर आला आणि मागच्या वर्षांची जादा वसुलीही गावानं परत करायची ठरली. हा कायदा बदला म्हणून गावोगावची माणसं राजधानीला जाऊन आली. आमदारांनी त्यांना कॉफी पाजली, सोबत फोटो काढले आणि विधेयक बासनात बांधून ठेवलं. इकडे गावानं वाचनालयाला कुलूप लावलं, रुग्णवाहिका अर्धा आठवडा शेजारच्या गावाला दिली, तरी भागेना. मग घराघरावर जादा पट्टी बसली.

"ती पट्टी भरली की माझ्याकडे घर गरम ठेवायच्या तेलाला पैसे उरत नाहीत," इर्या म्हणाली.

"गरिबीची सवलत मागितलीस?"

"थोडक्यात हुकली. तुमच्या हिशेबानं मी गरीब नाही." ती खुर्चीत जरा पुढे सरकली. "हे असंच राहिलं ना वर्न, तर उन्हाळ्यात घर विकावं लागणार मला. शिकागोचं कुणीतरी घेईल आणि जुलैत दोन आठवडे येऊन राहील. म्हणून म्हटलं, आपणही वकिलासारखं बोलून बघावं. समजा, मी मेलेय. छप्पर गळतंय, तळघरात पाणी आहे, आत माणूस नाही. अशा घराची काय किंमत येते ते लाव."

वर्नला हसू आलं, आणि ते हसू ओठांवरच विरलं. बाई बोलत होती ते चुकीचं कुठे होतं? सकाळपासून पहिल्यांदाच त्याला वाटलं की आज एखाद्याचं काम होईल, आणि ते इर्याचं व्हावं असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं शेजारी बसलेल्या डेनाकडे पाहिलं. घरांच्या किमती ठरवणारी ही तरुण अधिकारी समितीत नव्हती, मदतीला बसायची; कायद्याचं काय ते तिलाच ठाऊक.

"डेना, बघ ना बाई. त्या दुकानाला जो न्याय लावलाय, तोच हिलाही लावू."

डेनानं लॅपटॉपवर बराच वेळ काहीतरी शोधलं. मग ती बोलली तेव्हा तिची नजर पडद्यावरच होती.

"कांगसबाई, रिकामं धरता येईल. पण मग तुमचा कर वाढेल."

"वाढेल?"

"स्वतःच्या घरात स्वतः राहता म्हणून तुम्हाला घरपट्टीतल्या शाळेसाठीच्या कराची माफी आहे. घर रिकामं म्हटलं की माफी गेली."

"आणि मी मेले असं धरलं तर?"

डेना अवघडली. "तुम्ही मालक आहात तोवर करासाठी धरायच्या किमतीला दरवर्षीच्या वाढीची मर्यादा आहे. घर दुसऱ्याच्या नावावर झालं की ती उठते. मग तर जवळपास दुप्पट."

समितीतले बाकीचे दोघे कागद सारखे करू लागले. वर्नला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्यासाठी काहीतरी करतोय अशा थाटात आपणच हे वदवून घेतलं, याची त्याला लाज वाटली.

"म्हणजे दुकान मेलं तर निम्मा, आणि मी मेले तर दुप्पट," इर्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मग राहू दे बाबा. जिवंतच धर मला."

"इर्या, माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्या हातात काय आहे ते मला माहीत आहे रे. कर सही."

त्यानं तिच्या अर्जावर 'नामंजूर' लिहून सही केली. उरलेल्या दोघांनी त्याच्या सहीखाली सह्या केल्या.

इर्या उठली. कोटाची बटणं तिनं सावकाश, खालपासून वरपर्यंत लावली. ती अशी जायला निघालेली वर्नला बघवेना.

"कॉफी तरी घेऊन जा."

"नको. मांजराचं खाणं संपलंय, ते आणायचंय."

"कुठून, हायवेवरून?"

"मग? गावात दुसरं दुकान उरलंय कुठे?" तिनं टोपी कानांवर ओढली. "आत्ताच गेलेलं बरं. दुपार झाली की तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही."