तलवारीचा हात

शके १८७४, गुढीपाडवा, ठाणे. डागडुजी होऊन तलावाकाठचे जुने चित्रगृह आज पुन्हा उघडले, आणि पहिल्या खेळास पंचवीस वर्षांपूर्वीचाच मूकपट लागला. त्यातला नायक तलवार कोणत्या हाताने चालवतो, यावर केशवराव गुप्ते आणि यशोदाबाई यांचा वाद लग्नाच्या वर्षापासून चालू होता. हरणाऱ्याने दोन्ही सुनांसमोर तसे कबूल करायचे, असे ठरले होते.

नायकाने तलवार उपसली.

“उजवा,” केशवराव म्हणाले. “आता बोल.”

सुना पदराआड हसल्या. यशोदाबाईंनी आपल्या नव्या खुर्चीकडे पाहिले आणि त्या उठल्या.

“अहो, तेव्हा आम्हा बायकांना इथे कोण बसू देत होतं? आमची बाकं पडद्याच्या मागे होती. चला.”

पडद्यामागे रंगाचे डबे होते आणि ती बाकेही अजून होती. त्यांतल्या एकावर त्यांनी केशवरावांना बसवले. पातळ कापडातून नायक इकडूनही स्वच्छ दिसत होता. केशवराव लढाई संपेपर्यंत पाहत राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी सुनांना सांगितले, “डावखुरा आहे.”