वगळलेले रकाने

शहरातल्या सगळ्या दवाखान्यांना एकमेकांच्या रुग्णांची माहिती कॉम्प्युटरवर वाचता यावी, म्हणून आमची समिती एकच नमुना ठरवत होती. जो रकाना सगळ्यांकडे नसेल, तो वगळायचा. चाचणीसाठी कुणाची तरी खरी फाइल हवी होती. मी भिडेपोटी बायकोची दिली.

पहिल्या दिवशी 'जन्मखुणा' वगळल्या. संध्याकाळी तिच्या गालावरचा तीळ मला दिसेना. माझी नजर अधू, म्हणून चष्मा पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी 'जुन्या शस्त्रक्रिया' गेल्या. मुलाच्या वेळचा पोटावरचा व्रण तिला स्वतःलाच सापडेना. "अहो, इथंच होता ना?"

आज 'जवळचे नातेवाईक' होते. मला उठून नको म्हणायचं होतं.

"आजोबा, हात वर करताय की डुलकी लागली?" अध्यक्षबाई म्हणाल्या. सगळे हसले. रकाना वगळायच्या बाजूनं माझाही हात वर गेला.

घरी बायकोनं साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"कोण हवंय आपल्याला?"

माझ्या खिशातल्या कागदावर उद्याचा रकाना होता: 'नाडीचे ठोके'. दातांच्या आणि डोळ्यांच्या दवाखान्यांकडे तो नसतोच. आणि मला आजवर कुणालाही नाही म्हणता आलेलं नाही.