अकरावा दगड

"ज्यानं त्यानं एकेक उचला," वाटाड्या पुंजाराम म्हणाला आणि त्याने ढिगावरचं गोणपाट बाजूला केलं.

नारळाएवढे घडीव दगड होते. मोजून अकरा. १९९७च्या नाताळात नाशिकहून आलेली मंडळीही अकराच. नांदगावकडच्या एका लांबलचक गडाच्या तटावरून त्याच्याबरोबर तीन दिवस चालायचं, हे ठरलं होतं. पाठीवर दगड घेऊन, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"वर काय दगडांचा दुष्काळ पडलाय?" प्रतिभाने विचारलं. ती पंचवटीतल्या एका शाळेत गणित शिकवायची. आडून बोलणं तिला जमत नसे.

"वरचे दगड त्या जागी बसत नाय, ताई. तटाला खिंडार हाय. बारा वर्षं झाली, येईल त्याच्या पाठीवर दगड देतोय. एवढे बसले का मी मोकळा. गुडघे गेले माझे, ही फेरी शेवटची."

म्हातारा छंदिष्ट आहे, असं तिने ठरवून टाकलं. पहिल्याच दिवशी तिचे खांदे भरून आले. मुक्काम पाण्याच्या टाक्याजवळ पडला. सकाळी निघताना तिने दगड हळूच करवंदीच्या जाळीत सारला. मग चाल सुधारली. परतीची जीप किती वाजता, एवढं मात्र ती दोन्ही दिवस विचारत राहिली.

तिसऱ्या सकाळी खिंडार आलं. पुंजाराम एकेक दगड घेई, फिरवून बघे आणि बसवी. कुठला कुठे जायचा, हे त्याला पाठ होतं. शेवटी मधोमध एक भोक उरलं.

"माझा वाटेत कुठेतरी पडला," प्रतिभा म्हणाली.

पुंजारामने त्या भोकात हात घालून पाहिला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

"असू द्या, ताई."

जेवण खाली त्याच्या घरी होतं. त्याची बायको, ठमाबाई, भाकरी-पिठलं वाढत होती. घर कसलं, चारी बाजूंनी काटक्या-मातीचा कूड. दाराची चौकट मात्र हातभर रुंद, दगडी भिंतीत बसावी अशी. प्रतिभाने त्याबद्दल विचारलंच.

"पयले भिंती दगडाच्याच व्हत्या," ठमाबाई म्हणाली. "सासऱ्यानं गडाचा तट फोडून बांधल्या. मरताना म्हणला, जिथले तिथं ठेव. तवापासून हे एकेक काढून वर धाडतेत. दिवाळीला शेवटची भिंत गेली."

प्रतिभाला स्वतःची लाज वाटली. तिने ताट विसळून ठेवलं आणि ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या आवळल्या.

"पुंजारामभाऊ, दगड पडला नाही. मी टाकला. टाक्याकडची जवळची वाट कोणती?"

"वढ्याकडून हाय. पण यायला सांज व्हईल, ताई. थांबा, मी येतो."

"तुम्ही गुडघे शेकत बसा."

दोन वाजता नाशिकची जीप निघाली. तिच्यात दहाच माणसं होती.