विट्कसबाईंची खुर्ची

लमारने खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली आणि रिकाम्या जागेत गाडी घातली. ब्रिजेटने फोनवर हेच सांगितलं होतं. डॅडने तुझ्यासाठी बर्फ उपसून जागा करून ठेवलीय, खुर्ची असेल, ती बाजूला कर आणि गाडी लाव. शिकागोत बर्फ पडला की जो फावडं मारेल त्याची जागा. तिथे घरातलं काहीतरी भंगार ठेवून द्यायचं, मग बर्फ वितळेपर्यंत दुसरं कुणी गाडी लावत नाही. लावलीच, तर सकाळी टायरमध्ये हवा नसते. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणूनच बहुधा सगळे पाळतात.

लमार चॅथमचा, म्हणजे शहराच्या काळ्या वस्तीतला. लहानपणी वडिलांनी त्याला बजावलं होतं, ब्रिजपोर्टमधून, गोऱ्यांच्या त्या वस्तीतून, सायकल न्यायची नाही, लांबून वळसा घालून जायचं. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. आज तो त्याच ब्रिजपोर्टमध्ये, हातात केकचं खोकं घेऊन, एका गोऱ्या माणसाकडे त्याच्या मुलीचा हात मागायला आला होता.

अडचण त्या माणसाच्या गोड बोलण्याची होती. फ्रँक गॅरिटी फायर ब्रिगेडमधून निवृत्त झालेले. सख्ख्या भावाला 'गाढवा' म्हणून हाक मारायचे. पण लमारला मात्र तुम्ही. बसा ना. घ्या ना. कोबी जास्त शिजला नाही ना? प्रत्येक भेटीत हेच. थोरल्या जावयाला त्यांनी साखरपुड्याच्या आधीच गॅरेजच्या छपरावर चढवून पत्रे ठोकायला लावले होते. लमारला अजून स्वतःची बशीसुद्धा उचलू दिली नव्हती. ब्रिजेट म्हणायची, डॅड इतका गोड वागतोय म्हणजे कठीण आहे.

आजही जेवण झालं. लमारने घसा साफ केला. "मिस्टर गॅरिटी, मला जरा विचारायचं होतं..."

बाहेर हॉर्न वाजला. एकदा नाही, वाजतच राहिला.

गॅरिटींनी पडदा बाजूला केला. रस्त्याच्या मधोमध शेजारच्या विट्कसबाईंची गाडी उभी होती. स्वतः बाई कमरेवर हात ठेवून फुटपाथवर. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर येत होती, काही जण तर कॉफीचे मग घेऊन. आणि सगळे ह्याच घराकडे बघत होते.

गॅरिटींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तुम्ही इथेच थांबा," ते लमारला म्हणाले. "हे मी बघतो." आणि घरातल्या सपातांवरच बर्फात उतरले.

गल्लीला सुनवायच्या भाषणाची तयारी ते कित्येक महिने न्हाणीघरातल्या आरशासमोर करत होते. ब्रिजेटने दाराबाहेरून ऐकलेलं होतं. आज ते अख्खं बाहेर आलं. आपण आगीतून सगळ्या रंगांची माणसं खांद्यावर घालून बाहेर काढली आहेत. धूर कुणाची जात बघत नाही. आपल्या मुलीने कुणावर प्रेम करावं हे ह्या गल्लीने ठरवायचं नाही, आणि ज्याला खुपत असेल त्याने खुशाल घर विकून जावं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. समोरच्या म्हाताऱ्याने, आपण चर्चमध्येच आहोत असं वाटून, डोक्यावरची टोपी काढली. दारात उभ्या ब्रिजेटचे डोळे भरून आले.

विट्कसबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फ्रँक, रंगाचं आमच्यापैकी कुणी काढलं? तूच काढतोयस. माझी खुर्ची कुणी हलवली, तेवढं सांग."

गॅरिटींनी फुटपाथवरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्या शेजारच्या गाडीकडे पाहिलं. मग दारातल्या लमारकडे. इतक्या भेटींत लमारने पाहिलेलं ते गोड हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"तू दुसऱ्याची खुर्ची उचललीस?" ते म्हणाले. "अरे, शिकागोचाच ना तू? तुझी जागा ती पलीकडची. मेरीमाता ठेवलीय ती."

एरवी तिथे तीन पायांची मोडकी खुर्ची असायची. पाहुण्याला ते दिसायला बरं नाही म्हणून गॅरिटींनी सकाळी बागेतला मेरीमातेचा पुतळा छातीशी धरून आणला होता आणि बर्फात उभा केला होता. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं, तिथे अपघातात कुणीतरी गेलंय, त्याच्या आठवणीला ठेवलीय," लमार म्हणाला. "आणि ब्रिजपोर्टमध्ये येऊन मेरीमातेला हात लावायचा, तोही मी? त्यापेक्षा खुर्ची बरी वाटली."

कुणीतरी हसू दाबायला खोकलं. गॅरिटी खोकले नाहीत. त्यांनी लमारची अक्कल काढली, डोळे काढले, असल्या माणसाला इंजिनियर कुणी केलं ते विचारलं. सगळं अरेतुरेत, सगळ्या गल्लीसमोर. मग त्याच्या हातात फावडं कोंबलं. गाडी काढ, मेरीमातेच्या जागी लाव आणि मग येऊन बाईंची जागा पुन्हा साफ कर. ऐसपैस कर, नुसती गाडी शिरेल एवढी नको.

लमार उपसायला लागला. विट्कसबाई आपल्याच खुर्चीवर बसून देखरेख करू लागल्या. थोडा वेळ बघून त्यांनी मान हलवली.

"फ्रँक, तुझ्या जावयाला फावडं धरता येत नाही."

लमारचे हात थांबले. त्याने अजून काही विचारलेलंच नव्हतं.

"माहितीय मला," गॅरिटी करवादले. "म्हणून तर लग्न उन्हाळ्यात ठेवतोय."