पहिली सुट्टी

गोदीत तीन दिवस बंद पडलेलं लाँचचं इंजिन हर्णैच्या इम्तियाज मेकॅनिकनं तासाभरात सुरू केलं, तेव्हा मालक म्हणाला, "उद्यापासून माझ्याकडेच ये." पर्यटक व्हिसावर आखातात येऊन काम शोधता शोधता त्याचे पंचावन्न दिवस गेले होते. त्यानं तिथूनच घरी फोन लावला. पलीकडे बायको, शमीम, हसली की रडली, त्याला कळलंच नाही.

व्हिसाच्या खिडकीतल्या माणसानं मात्र पासपोर्ट परत सरकवला. "या व्हिसावर काम करता येत नाही आणि इथं राहून तो बदलताही येत नाही. मायदेशी जा, तिथून अर्ज करा. तीन महिने लागतील."

इम्तियाज धावतच गोदीत आला. मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. "तीन महिन्यांत हंगाम संपतो रे. मला माणूस आज हवाय."

संध्याकाळी शमीमचाच फोन आला. तिनं मोहल्लाभर मिठाई वाटली होती.

"पहिली सुट्टी कधी मिळेल हो?"

"शुक्रवारी येतोय."

"इतक्यात? मोठ्या दिलाचा दिसतोय तुमचा मालक!"

"हो," इम्तियाज कसाबसा म्हणाला. "माणूस चांगला आहे."