कानसेन

घरमालकिणीने कानसेनाच्या बायकोचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि इकडे तो गिऱ्हाइकाच्या नव्या स्पीकरांपुढे एकटा पडला.

"पुरुषांचं चालू दे हो, तुम्ही आत या," म्हणे! अहो, ती आत गेली तर इथे ऐकणार कोण?

दुकानातली मंडळी त्याला कौतुकाने कानसेन म्हणत. भारीतले स्पीकर विकले गेले की घरी जाऊन आवाज जुळवून द्यायला त्यालाच पाठवत. दोन वर्षांपासून त्याला झांजेची किणकिण ऐकू येत नव्हती, गाण्यातले 'स' नि 'श' विरून जात होते, हे फक्त बायकोला ठाऊक. मदतनीस म्हणून ती सोबत येई नि गिऱ्हाइकाच्या मागे उभी राही. तिने घड्याळाशी चाळा केला की आवाज टोचतोय. पर्स खांद्याला लावली की जमलं. दुकानाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायची पाळी.

हाताचं काम त्याने चोख केलं. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढले, जरासे आत वळवले, काचेच्या खिडकीवर पडदा सारला, उघड्या फरशीवर गालिचा पसरला. खालचा सूर तळहाताला कळतो. तो त्याने गाणं लावून, कपाटाला हात टेकवून जुळवला. राहिला वरचा. त्याने बटण थोडं फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. उगाच खोलीत दोन चकरा मारल्या, पुन्हा बटणाशी आला.

"अगं, ही वायर धर जरा!" त्याने आत हाक मारली.

"मी धरतो की!" सोफ्यावर बसलेले घरचे गृहस्थ टुणकन उठले. झालं! आता काय बोलणार?

"कसं वाटतंय?" त्याने गृहस्थांनाच विचारलं.

"जाणकार तुम्ही. तुम्हीच सांगा."

"छे छे, रोज ऐकायचंय तुम्हाला."

गृहस्थांनी डोळे मिटून मान डोलावली. "स्वच्छ!"

"एकदम स्वच्छ," कानसेनाने री ओढली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अहो, बंद करा ते आधी!" घरमालकीण कानांत बोटं घालून धावत आली. "दात शिवशिवायला लागले माझे! एवढं टोचतंय, कळत नाही का दोघांना?" तिच्या मागे बायको, चेहरा पांढराफटक.

गाणं थांबलं. कानसेनाने बायकोकडे पाहिलं. संपलं सगळं. पण गृहस्थ त्याच्याकडे बघतच नव्हते. ते नव्याकोऱ्या स्पीकरवरून हात फिरवत होते.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "चांगल्यातले आणले की पुन्हा नीट ऐकू येईल."

घरमालकिणीचे हात हळूच खाली आले.

कानसेनाने बटण मागे फिरवलं. मग जमिनीकडे बघत पुटपुटला, "मीही घरी तीनदा बदलले."

"काय म्हणालात?" गृहस्थांनी कानामागे हात धरला. "जरा मोठ्याने बोला."